मुलाखतीनंतरच्या चार ओळी

व्यापारात पोच देण्याला मोल आहे. माल उतरला, रक्कम मिळाली, हिशेब जुळला, एवढे दोन ओळींत कळवले नाही तर समोरच्या पेढीला चुकल्यासारखे वाटते. संवत्सरीनंतर क्षमापनेची पत्रे नेमाने धाडणाऱ्या घरांना तर पत्र लिहिण्याचे वावडे असण्याचे कारणच नाही. तरीही मुलाच्या प्रवेशाची मुलाखत आटोपली की हीच घरे अडखळतात. मुलाखत घेणाऱ्यास आभाराचे पत्र पाठवावे का? पाठवले तर ती खुशामत वाटेल का? न पाठवले तर मुलावर संस्कार नाहीत असे कोणी म्हणेल का? पोच ही मिळालेल्या वस्तूची असते. येथे जे मिळायचे ते अजून मिळालेलेच नाही. सारा पेच यातच आहे.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतील शिक्षणाच्या वाटेवर उभा राहतो. तेथील खासगी शाळा प्रवेशापूर्वी मुलाशी आणि बहुधा पालकांशीही स्वतंत्रपणे बोलतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १७७८ साली स्थापन झालेली फिलिप्स अकॅडमी किंवा न्यू हॅम्पशायरमधील १७८१ सालची फिलिप्स एक्सेटर अकॅडमी यांसारख्या जुन्या निवासी शाळांची ही रूढ रीत आहे. भेटी शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत चालतात, अनेक निवासी शाळांचा निकाल १० मार्चच्या सुमारास कळतो आणि प्रवेश स्वीकारल्याचे १० एप्रिलपर्यंत कळवायचे असते. न्यूयॉर्कच्या सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर हिऱ्यांच्या व्यापारात स्थिरावलेल्या कुटुंबांना ही रीत परिचयाची आहे.

दुसरी वाट मुंबई-पुण्यातूनच निघते. पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची भेट काही विद्यापीठे त्याच्याच शहरातील माजी विद्यार्थ्यांकडून घडवून आणतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांची नावे यात ठळक आहेत. हा मुलाखतकार विद्यापीठाचा नोकर नसतो. तो स्वयंसेवक असतो. दिवसभराचे काम उरकून एखाद्या कॅफेत किंवा संगणकाच्या पडद्यावर तो परक्या मुलासाठी तासभर देतो आणि नंतर घरी बसून त्याविषयी अहवाल लिहितो.

पत्राने काही बदलते का?

व्यापारी मनाला पहिला प्रश्न सुचतो तो फलप्राप्तीचा, आणि त्याचे उत्तर स्वच्छ आहे. आभारपत्राने प्रवेश मिळत नाही. शाळेच्या समितीपुढे गुणपत्रिका, शिक्षकांची शिफारसपत्रे, मुलाचे स्वतःचे लेखन आणि मुलाखतीची नोंद हे असते. आभाराचे दोन परिच्छेद या राशीत भर घालू शकत नाहीत. मुलाखतकार आपला अहवाल पुष्कळदा भेटीनंतर लगेच, आठवण ताजी असतानाच लिहितो. पत्र पोहोचते तेव्हा तो रवानाही झालेला असतो. पत्र न आल्यामुळे चांगल्या मुलाचे नाव वगळले जाईल, ही भीतीही तितकीच निराधार आहे.

मात्र पत्राने नुकसान होऊ शकते. मुलाखतीत बोलायचे राहिलेले पराक्रम पत्रात भरणे, पदकांची यादी जोडणे, ‘तुमचीच शाळा आमची पहिली पसंती’ असे चार ठिकाणी एकाच वेळी लिहिणे, चुकीच्या शाळेचे नाव राहून जाणे, एकाच मजकुराच्या प्रती तीन अधिकाऱ्यांना धाडणे, हे सारे घडते. एकाच कचेरीत बसणारी माणसे आपसांत बोलतात आणि प्रती जुळतात. तसे पत्र पाठवण्यापेक्षा गप्प राहणे बरे.

एक अपवाद नीट समजून घ्यावा. काही संस्था मुलाखतीनंतर लेखी मजकूर स्वतःच मागवतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०च्या दशकात उमेदवारांकडून मुलाखतीनंतर चोवीस तासांच्या आत असे चिंतन लिहून घेतले होते. ते आभारपत्र नव्हे, तो अर्जाचाच भाग होता. म्हणून प्रत्येक संस्थेची सूचना आधी वाचावी. ‘मुलाखतीनंतर संपर्क साधू नये’ असे जेथे लिहिले असेल तेथे ती सूचना पाळणे हाच शिष्टाचार.

आभार आणि आर्जव

मग ज्याचा लाभ नाही ते लिहावेच कशाला? येथेच विषयाचा गाभा आहे. आभार हे झालेल्या गोष्टीबद्दल मानायचे असतात आणि आर्जव हे व्हायच्या गोष्टीसाठी करायचे असते. मुलाखतकाराने वेळ दिला, लक्षपूर्वक ऐकले, मुलाच्या अडखळत्या वाक्याला पूर्ण होऊ दिले, ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिची पोच देता येते. प्रवेशाची अपेक्षा त्या पत्रात शिरली की पोचेचे मागणीपत्र होते.

यासाठी घरातच एक साधी परीक्षा करता येते. उद्या नकार आला तरी हे पत्र पाठवल्याचे समाधान राहील का? उत्तर होकारार्थी असेल तर पत्र जरूर जावे. ‘मग उपयोग काय झाला?’ असे मनात येत असेल तर ते लिहूच नये. मुले मोठ्यांचे हेतू फार चटकन ओळखतात. कृतज्ञता ही काम साधण्याची युक्ती आहे, असे चौदाव्या वर्षी मनावर बिंबले तर त्याची किंमत एका प्रवेशापेक्षा मोठी असते.

पत्र कोणाचे?

ज्याची मुलाखत झाली त्याचे. वडिलांनी मजकूर सांगावा, सल्लागाराने तो सजवावा आणि मुलाने खाली नाव घालावे, असे पत्र वाचणाऱ्याला लगेच कळते. पंधरा वर्षांचा मुलगा ‘आपल्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे’ असे बोलत नाही. संगणकाकडून तयार करून घेतलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे. निवासी शाळेत पालकांशी स्वतंत्र बोलणे झाले असेल तर पालकांनी आपल्या वतीने दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात. बालवर्गातील मुलाच्या नावाने मात्र पत्र लिहू नये. तेथे पालकांची एक ओळ पुरते.

मजकूर चार ओळींचा असावा. पहिल्या ओळीत वेळ दिल्याबद्दल आभार. दुसऱ्या ओळीत संभाषणातील एक नेमकी गोष्ट: ग्रंथालयाविषयी निघालेला विषय, मुलाखतकाराने सुचवलेले पुस्तक, भोजनगृहात कांदा-लसूण न खाणाऱ्या मुलाची सोय कशी होते याचे मिळालेले मोकळे उत्तर. तिसऱ्या ओळीत त्या गोष्टीने मनात काय उमटले ते. चौथ्या ओळीत नमस्कार. प्रवेशाचा उल्लेख नको. पत्र एक-दोन दिवसांत जावे आणि ते ईमेलने गेले तरी चालते. टपालाने पाठवलेल्या हस्तलिखित पत्राला वेगळी गोडी असली तरी मुंबईहून बॉस्टनला ते केव्हा पोहोचेल याचा भरवसा धरू नये. उत्तर आले नाही तर त्यातून कोणताही अर्थ काढू नये आणि दुसरे पत्र पाठवू नये.

मिठाईचा डबा नको

व्यापारी घराची खरी कसोटी पत्रात नसून पत्राबरोबर काय जाते यात आहे. अमेरिकी विद्यापीठांच्या लवकरच्या अर्जांची एक प्रचलित अंतिम तारीख १ नोव्हेंबर आहे आणि त्यानंतर मुलाखती सुरू होतात. हेच दिवाळीचे दिवस. ज्यांच्याशी वर्षभर संबंध येतो त्यांना सुकामेव्याचा डबा पाठवण्याची सवय हातात मुरलेली असते आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. पण मुलाखतकाराकडे डबा, शाल किंवा चांदीचे नाणे गेले की त्याची अडचण होते. ते परत करावे तर रुक्षपणा, ठेवावे तर निष्पक्षतेवर डाग. सद्भावनेने दिलेली वस्तूही अशा वेळी ओझे ठरते. म्हणून नियम सोपा ठेवावा: शब्द पाठवावेत, वस्तू नाही. कॅफेतील चहाचे पैसे भरण्यासाठीही मुलाने ओढाताण करू नये.

देणगीच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. मार्च २०१९ मध्ये बॉस्टन येथील संघीय वकिलांनी उघडकीस आणलेल्या प्रवेश घोटाळ्यात विल्यम सिंगर या सल्लागाराने धर्मादाय संस्थेच्या नावाखाली पालकांकडून पैसे घेतले होते आणि त्यांतून क्रीडा प्रशिक्षकांना लाच दिली होती. सुरुवातीलाच पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत तेहेतीस पालक होते. जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ज्या समाजात शाळा, पाठशाळा आणि वसतिगृहांना दान देण्याची परंपरा आहे, त्याने दान आणि मोबदला यांतील सीमारेषा अधिकच काटेकोरपणे जपावी. अर्ज प्रलंबित असताना त्याच संस्थेला देणगीचा विषय काढूच नये.

भारतात प्रश्न वेगळा

अमेरिकेतील ही रीत भारतीय शाळेत जशीच्या तशी आणता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावण्यास आणि देणगीशुल्क घेण्यास मनाई केली आहे. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, म्हणून शाळेनुसार स्थिती बदलते. जेथे निवडीसाठी मुलाखत घेणेच नियमबाह्य आहे, तेथे तिचे आभार मानण्यापेक्षा ती कशासाठी घेतली जात आहे हे शांतपणे विचारणे अधिक योग्य.

राहून गेलेली माणसे

आभारपत्रांच्या या चर्चेत ज्यांचे ऋण सर्वांत मोठे ते बहुधा विसरले जातात. शाळेतील ज्या शिक्षिकेने रात्री जागून शिफारसपत्र लिहिले, ज्या लिपिकाने गुणपत्रिकेच्या प्रती वेळेत काढून दिल्या, ज्या विद्यार्थ्याने थंडीत तासभर फिरवून शाळेचा परिसर दाखवला, त्यांच्या हाती निकाल नसतो; म्हणूनच त्यांना लिहिलेल्या पत्रात शंकेला जागा नसते. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना तर निकाल काय लागला हेही अनेकदा कोणी कळवत नाही. निकाल लागताच, तो कोणताही असो, मुलाने स्वतः जाऊन त्यांना तो सांगावा.

आणि नकार आला तर? तेव्हा मुलाखतकारास दोन ओळी लिहिता येतात: निर्णय कळला, दिलेल्या वेळेबद्दल पुन्हा आभार. असे पत्र क्वचितच कोणी लिहिते. त्यातून काहीही मिळणार नसते, आणि मुलाला ते लिहिताना जड जाते. लिहून झाल्यावर मात्र त्याला त्या घरातील एक जुनी गोष्ट समजलेली असते: सौदा जुळला नाही तरी ज्याने दुकानात बसवून पाणी दिले, त्याला उठताना नमस्कार करायचा असतो.