डीकन म्हणजे नेमकं कोण? जेवणाच्या वाटपातल्या तक्रारीतून जन्मलेल्या पदाची गोष्ट

भिवंडीत यंत्रमागावर राबणारे अनेक स्थलांतरित कामगार भिसीत जेवतात. भिसी म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणारी खाणावळ. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माग थांबले, तेव्हा या कामगारांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो जेवणाचा. अशा वेळी मदत येते, पण ती कोणाला मिळाली आणि कोण राहून गेलं, हे बघायचं कोणी?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेममध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याचं उत्तर शोधताना ख्रिस्ती धर्मात एक पद तयार झालं. ते म्हणजे डीकन.

सुरुवात कशी झाली?

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही घटना आहे. पहिल्या ख्रिस्ती समाजात गरजूंना रोज अन्नवाटप व्हायचं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी लोकांनाच सात भरवशाची माणसं निवडायला सांगितलं.

निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या हाती वाटप सोपवलं गेलं. प्रेषितांनी प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून त्यांना नेमलं. परंपरा या सातांना पहिले डीकन मानते. त्यांतला स्तेफन पुढे पहिला ख्रिस्ती हुतात्मा ठरला.

‘डीकन’ हा शब्द ग्रीक ‘दियाकोनोस’वरून आला. त्याचा अर्थ सेवक. मराठी बायबलमध्येही ‘सेवक’ हाच शब्द वापरला आहे.

डीकन आणि धर्मगुरू यांत फरक काय?

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, धर्मगुरू आणि बिशप.

डीकन हे करू शकतो:
• बाप्तिस्मा देणं
• विवाहविधी आणि अंत्यविधी चालवणं
• शुभवर्तमान वाचणं, प्रवचन देणं
• आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन देणं

हे करू शकत नाही:
• मिस्सा अर्पण करणं
• पापकबुली ऐकून क्षमा देणं
• आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार

लग्न झालेला माणूस डीकन होऊ शकतो?

हो. धर्मगुरू होण्याच्या वाटेवरचे उमेदवार काही काळ डीकन असतात. पण कायम डीकन राहण्याचाही मार्ग आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो अनेक शतकं जवळपास बंद होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये तो पुन्हा खुला केला आणि १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचे नियम घातले.

विवाहित उमेदवाराचं वय किमान ३५ हवं आणि पत्नीची संमती हवीच. अविवाहितासाठी किमान वय २५ आहे, मात्र दीक्षेनंतर त्याला लग्न करता येत नाही. विवाहित डीकनची पत्नी वारली, तर त्यालाही सहसा दुसरं लग्न करता येत नाही. त्यामुळे हा निर्णय एकट्याचा नसतो, घराचा असतो. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या डीकनने साधारणपणे त्याच कमाईवर घर चालवायचं असतं.

मग प्रार्थनेचं काय?

कायम डीकन सहसा सकाळ-संध्याकाळ चर्चने ठरवलेली प्रार्थना म्हणतात. दिवसभर भेटलेल्या माणसांचं दुःख या प्रार्थनेत येतं आणि प्रार्थनेतून उठून पुन्हा त्याच माणसांकडे जायचं असतं. सेवा आणि प्रार्थना ही दोन वेगळी खाती नाहीत, असं ही परंपरा सांगते.

यासाठी रोममधल्या लॉरेन्स या डीकनची कथा सांगितली जाते. २५८ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. त्याआधी अधिकाऱ्यांनी चर्चचा खजिना मागितला, तेव्हा त्याने गोरगरिबांना समोर उभं केलं आणि हाच आमचा खजिना, असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

इथे वेगवेगळ्या चर्चमध्ये या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो.

• चर्च ऑफ नॉर्थ इंडिया: १९७० मध्ये नागपुरात स्थापना. इथेही डीकन, प्रेस्बिटर आणि बिशप अशी रचना आहे.
• अमेरिकन मराठी मिशन: १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू. या मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेत डीकन हा मंडळीने आपल्यातूनच निवडलेला माणूस असतो.
• सिरो-मलबार चर्च: भिवंडीच्या शेजारच्या कल्याणच्या नावाने १९८८ मध्ये धर्मप्रांत स्थापन झाला. मल्याळी कुटुंबं डीकनला ‘शेम्माशन’ म्हणतात. या शब्दाचं मूळही ‘सेवक’ असंच आहे.

महिला डीकन होऊ शकतात?

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात फिबी या स्त्रीसाठी ‘दियाकोनोस’ हाच शब्द आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये या विषयावर अभ्यास समित्या नेमल्या. तरीही कॅथलिक चर्चमध्ये हे पद पुरुषांपुरतंच आहे. अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये मात्र महिला डीकन आहेत.

आज या पदाचा अर्थ काय?

जेरुसलेममध्ये अन्न होतं, वाटपही रोज चालू होतं. तरीही काही जणी उपाशी राहत होत्या, कारण त्यांची भाषा वेगळी होती आणि त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. भिवंडीसारख्या, अनेक भाषा बोलणाऱ्या कामगारांच्या शहरात ही गोष्ट जुनी वाटत नाही. रांगेत कोण नाही, हे आधी बघायचं. डीकनचं काम तिथूनच सुरू होतं.