हापशामागोमाग युगांडाला

"तिकडं पगार किती?" हा पहिला प्रश्न. पगार नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही, समोरचा नुसता बघत राहतो. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेला माणूस वर्षभर आफ्रिकेत बिनपगारी राबणार, हे आमच्या सोलापुरात पचायला जरा जड जातं. तसं ते अगदीच पदरमोडीचं काम नाही. मी जातोय तो संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून; तो १९७० साली ठरावाने सुरू झाला. त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तिथून राहण्याखाण्यापुरता मासिक भत्ता, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळतं. उलट तुमच्याचकडून पैसे घेऊन 'दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांशी खेळा' म्हणणाऱ्या संस्थाही बाजारात आहेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. पंधरा दिवस लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांचा त्या पोरांना काय उपयोग?

मी जातोय ते युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातल्या यूम्बे जिल्ह्यात. दक्षिण सुदानमधल्या यादवीमुळे पळून आलेल्यांसाठी २०१६ साली तिथे बिडीबिडी नावाची वसाहत उघडली, आणि काही महिन्यांत तिथली वस्ती दोन लाखांच्या वर गेली. सुरुवातीला पाणी टँकरने पुरवलं. टँकरचं सांगायला नको, आमचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. नंतर बोअर घेतले, हापसे बसवले, काही ठिकाणी सौरपंप आले.

हापशाची गोष्ट मात्र सांगायला हवी. साठच्या दशकाअखेर आणि बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या काळ्या कातळात यांत्रिक बोअर घ्यायला सुरुवात झाली. पण वर बसवले ते एका घराच्या वापरासाठी बनवलेले ओतीव लोखंडाचे पंप. सगळं गाव दिवसभर त्यावर हापसणार म्हटल्यावर ते टिकतील कसे? मग जालन्याच्या मिशनमधल्या आणि आमच्या सोलापुरातल्या कारागिरांनी डोकं लढवलं. ओतीव लोखंडाऐवजी पोलादी सांगाडा, हँडलला एकच खीळ आणि दांडी ओढायला साखळी. हा सोलापुरी पंप पायाशी धरून युनिसेफने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' तयार करवून घेतला. तो जगभर गेला. युगांडात त्यालाच 'यू टू' म्हणतात. माझ्या निवडीच्या मुलाखतीत मी हे जरा छाती फुगवूनच सांगितलं.

पलीकडच्या अभियंत्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे पाइप गंजतात का?"

आमच्याकडे नाही गंजत फारसे. आमचं बोअरचं पाणी जड. पाइपात क्षार धरतात, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. तिकडे बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जीआय पाइपावरचा जस्ताचा थर टिकत नाही आणि आतलं लोखंड गंजायला लागतं. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, चहा काळा पडतो, कपड्यांवर डाग राहतात. मग बायका तो हापसा सोडून ओढ्यावर जातात. पंप चालू, बोअरला पाणी भरपूर, आणि तरी गाव तहानलेलं. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसीचे पाइप घालावे लागतात. म्हणजे सांगाडा आमचा ओळखीचा असला तरी आजार सगळा परका.

तेव्हापासून माझी तयारी म्हणजे मुख्यतः अभ्यास. पाना फिरवायला तिथे माणसं आहेत. गावोगाव हापसा-मेकॅनिक आहेत, आणि साखळी बदलायला त्यांना सोलापूरचा निवृत्त साहेब नको आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं जे शिकलो त्यातलं तिथे काय लागू पडत नाही, याची मी वहीत यादी करत बसलोय. भाषांचंही तेच. कार्यालयात इंग्रजी चालते. हापशावर जुबा अरबी, काक्वा, बारी, आणि मूळ गावकऱ्यांची आरिंगा. मी जुबा अरबीची चार वाक्यं घोटतोय. नातू हसतो.

आता इंजेक्शनं. युगांडात शिरायला पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतोच. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून आधी वेळ घेऊन ठेवावी. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घ्यायची तर तिचे धोके थोडे वाढतात, तेव्हा डॉक्टरांशी आधी नीट बोलावं. मी एकोणसाठीत उरकून घेतली. परत येतानाही ते पिवळं पुस्तक जवळ हवं, नाहीतर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, म्हणून ही कडक शिस्त. हिवतापासाठी डॉक्टरांनी रोजची डॉक्सिसायक्लिन लिहून दिली आहे. ती परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. वर मच्छरदाणी आहेच. रक्तदाबाच्या गोळीचं कंपनीचं नाव तिथे कुणी ओळखणार नाही, म्हणून मूळ औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं.

घरची आवराआवर खरी किचकट. आईचं वय झालंय, म्हणून सौ. इथेच राहणार. बँकेची आणि शेताची कामं अडू नयेत म्हणून तिच्या नावे मुखत्यारपत्र केलं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून काढला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते, म्हणून तो परदेशातून कसा द्यायचा हे कोषागारात जाऊन विचारून आलो. तिथल्या बाबूंनी आधी मला खुर्ची दिली, मग पगार विचारला. आणि मोबाइलचं सिम चालू ठेवायचं, हे कुणीच सांगत नाही. ते बंद पडलं की ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नसला की तुम्ही तुमच्याच खात्याला परके.

खाण्याची चिंता सौ.ला, मला नाही. उत्तर युगांडात ज्वारी, तीळ, शेंगदाणा तिन्ही पिकतात. चपाती तर तिथे रस्त्यावर मिळते, तिच्यात अंड्याची पोळी गुंडाळून त्याला 'रोलेक्स' म्हणतात. सौ.ने तरीही काळं तिखट बांधून ठेवलंय.

मुलाखतीतल्या त्या बाईंना मी गेल्या वर्षीच्या दुरुस्त्यांची नोंदवही मागितली होती, ती परवा आली. बोअरची खोली आहे, पाइप कधी बदलला ते आहे, एका रकान्यात पाण्याचा रंगही आहे. पीएचचा रकाना नाही. बॅगेतून पान्यांचा संच काढून टाकला आणि त्या जागी पीएच मोजायचा मीटर आणि त्याची मापं जुळवायची द्रावणं ठेवली. द्रावणांच्या बाटल्या विमानात नेता येतात का, हे तेवढं अजून एअरलाइनला विचारायचं राहिलंय.