गेट मोबाइलवर घेताय? आधी सेन्सर तपासा

छत्रपती संभाजीनगर म्हणजे बावन्न दरवाजांचं शहर. याच शहरातल्या हर्सूल भागात तुमच्या सरकत्या गेटला मोटर असेल, तर ती बसवणारा ‘स्मार्ट अपग्रेड’ सुचवू शकतो.

म्हणजे नेमकं काय?
बहुतेकदा मोटर तीच राहते. तिच्या कंट्रोल बोर्डला वाय-फाय किंवा सिमकार्डचं छोटं मॉड्यूल जोडतात. ते रिमोटच्या बटणाचंच काम करतं. कुणी ‘पूर्ण सेट बदला’ म्हटलं, तर कारण विचारा.

धोका कुठे?
रिमोट दाबणारा सहसा गेटजवळ असतो. मोबाइलवरून गेट बंद करणारा पुण्यात असू शकतो. मधे मूल उभं असलं तर त्याला दिसत नाही. म्हणून आधी फोटो सेन्सर हवा. त्याचा किरण अडला की बंद होणारं गेट थांबतं किंवा मागे फिरतं. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित दरवाजांना अडथळ्यापासून सुरक्षा १९९३ पासून बंधनकारक आहे.

वीज गेली तर?
मोटरसोबत राउटरलाही बॅकअप लागतो. मोटर मोकळी करायची चावी घरातल्या सगळ्यांना वापरता यायला हवी.

पैसे देण्याआधी गेट बंद होताना सेन्सरसमोर पुठ्ठ्याचं खोकं धरा. गेट थांबलं नाही, तर काम अपूर्ण आहे.