गोळ्या सहा महिन्यांच्या, धीर घरभराचा

थुंकीचा रिपोर्ट येतो आणि घरातले आवाज आपोआप खाली येतात. ‘टीबी’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. शेजारणीने विचारले तर ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढेच सांगितले जाते. आजारी असलेली तरुण मुलगी असेल तर मग बोलायलाच नको. तिच्या गोळ्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली जातात. निकाह ठरला की सासरी कळू नये म्हणून कधी कधी गोळ्याच बंद होतात. आजार लपतो, पण जात नाही.

खरे तर क्षयरोग आज बरा होतो. साध्या टीबीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने चार औषधे, पुढचे 4 महिने तीन. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला सकस आहारासाठी दरमहा 1000 रुपये बँक खात्यात मिळतात. औषधाची सोय आहे. पण रोज न चुकता सहा महिने ते घेण्यासाठी मन टिकून राहावे लागते, आणि त्या मनाकडे घरात कुणाचे फारसे लक्ष नसते.

मन कुठे खचते?

पहिले काही आठवडे मळमळ होते, जेवण नकोसे वाटते. एका औषधामुळे लघवी नारिंगी होते आणि ते रक्त आहे असे समजून माणूस हादरतो. हे आधीच सांगितले असेल तर ही भीती वाटत नाही. (डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.)

दुसरे वळण दोन महिन्यांनी येते. खोकला थांबतो, वजन वाढते आणि ‘आता बरे वाटतेय, कशाला गोळ्या?’ हा विचार डोके वर काढतो. हे वळण सर्वांत धोक्याचे. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार जास्त कठीण होतो.

तिसरे वळण कुणाला दिसत नाही. रोजंदारी बुडालेला बाप ‘मी घराला ओझे झालो’ म्हणत भिंतीकडे तोंड करून पडतो. नववीच्या वर्गातली माझी एक विद्यार्थिनी काही महिन्यांनी शाळेत परतली. तिच्यापासून कुणाला धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. मैत्रिणी तिला जवळ बोलावत होत्या. तरी ती स्वतःहून शेवटच्या बाकावर बसायची, ओढणीने तोंड झाकून. शरीर शाळेत आले होते, मन अजून खाटेवरच होते.

सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, ‘सब्र कर.’ पुष्कळदा त्याचा अर्थ ‘रडू नकोस, बोलू नकोस’ एवढाच असतो. पण हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, तरी सब्राचे नाव निघाले की आपण त्यांची आठवण काढतो. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले. कुरआनात पुढे येते की त्यांना जमिनीवर पाय आपटायला सांगितले गेले आणि तेथून आंघोळीचे व पिण्याचे थंड पाणी निघाले. इतक्या आजारी माणसालाही स्वतःचा पाय हलवायला सांगितले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शिफा अल्लाहची, पण पाय बंद्याने हलवायचा.

टीबीच्या रुग्णाचे पाय हलवणे म्हणजे आजची गोळी. सहा महिन्यांचा डोंगर एकदम पाहिला की छाती दडपते. म्हणून भिंतीवर कॅलेंडर लावा आणि रोज गोळी घेतल्यावर त्या तारखेवर रुग्णाने स्वतःच्या हाताने खूण करावी. भरत जाणारा महिना डोळ्यांना दिसला की धीर येतो. ताकद येईल तसे छोटे काम हाती द्यावे: भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे, संध्याकाळी चार पावले चालणे. ‘तू पडून राहा, तुला काही जमणार नाही’ या मायेच्या बोलण्यानेही माणूस खचतो.

घर हाच दवाखाना

पूर्वी क्षयरोग्याला घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये ठेवत. आपल्याकडे मिरजेजवळचे वानलेसवाडी त्यासाठी प्रसिद्ध होते. 1956 मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतल्या रुग्णांना घरीच ठेवून औषधे दिली, तर सॅनेटोरियममधल्या रुग्णांसारखाच गुण आला. घरातल्या माणसांचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. त्यानंतर जगभर घरीच उपचार करण्याची पद्धत रुळली.

म्हणून ताट-वाटी वेगळी करू नका. टीबी भांड्यातून नव्हे, खोकल्यावाटे हवेतून पसरतो. खोकताना तोंडावर रुमाल, खोलीची खिडकी उघडी आणि घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी, हे करा. औषध नीट लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता पुष्कळ कमी होते. वेगळे ठेवलेले ताट जंतू अडवत नाही, ते फक्त माणसाला एकटे पाडते.

अयादतीला जाणे हा आजाऱ्याचा आपल्यावरचा हक्क आहे. पण थोडा वेळ बसा, दुआ करा आणि उठा. ‘आमच्या मामूंना असेच झाले होते, गेले बिचारे’ असले किस्से दाराबाहेर ठेवा. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे. ती घेताना कुणी मान खाली घालू नये.

उदासी आणि ईमान

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, कशात मन लागत नाही, मरणाची भाषा सुरू आहे, तर ‘ईमान कमजोर झाले’ असे म्हणू नका. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरच्या काही गोळ्यांमुळेच निराशा किंवा भ्रम होऊ शकतो. गोळ्या थांबवू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. नमाज मनाला आधार देते आणि डॉक्टरकडे जाणे हाही त्याच अल्लाहने दिलेला मार्ग आहे.

अमिताभ बच्चन यांना 2000 साली मणक्याचा टीबी झाला होता. उपचार पूर्ण करून ते बरे झाले आणि पुढे सर्वांसमोर तसे सांगितले. आपल्या मोहल्ल्यातही बरे झालेले कुणी ना कुणी असतेच, पण ते बोलत नाहीत. त्यांनी नव्या रुग्णाच्या उशाशी बसून ‘मलाही झाला होता, बघ, मी उभा आहे’ एवढे म्हटले तर त्या वाक्याने जो धीर मिळेल तो दुसऱ्या कुणाच्या उपदेशाने मिळणार नाही.

आणि मुलींच्या आईवडिलांना हात जोडून विनंती. निकाहाची तारीख पुढे ढकलता येते, गोळीची नाही. उपचार पूर्ण झालेली मुलगी इतर कुणाहीसारखी संसार करते, तिला मुलेबाळे होतात. सासरच्यांना खरे सांगा. ते ऐकून जे घर मागे सरते, त्या घरात तिच्या पुढच्या आजारपणात तिच्या उशाशी कोण बसले असते, याचाही विचार करा.