पाठीवरचं ओझं

विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं की पाण्यावर सरसर सरकणारे लांब पायांचे किडे दिसतात. कधी एकाच्या पाठीवर दुसरा बसलेला असतो. लहानपणी मला ते आई आणि पिल्लू वाटायचं. खरं तर वरचा असतो नर, आणि खालची मादी अनेकदा त्याला झटकून टाकायच्या खटपटीत असते.

एका मीलनातले शुक्राणू मादी शरीरात साठवून ठेवते. बरेच दिवस अंडी फळवायला ते पुरतात. त्यानंतरचा प्रत्येक नर तिला ओझंच. त्याला वाहताना तिची दमछाक होते, वेग घटतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढतो. नराला मात्र प्रत्येक नव्या मीलनातून बाप होण्याची संधी मिळते. हितसंबंधांच्या अशा ओढाताणीला जीवशास्त्रात लैंगिक संघर्ष म्हणतात. जेफ पार्कर यांनी १९७९ मध्ये त्याची पायाभूत मांडणी केली.

या किड्यांवर गोरान आर्नक्विस्ट आणि लॉक रो यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ‘जेरिस इनकॉग्निटस’ या जातीच्या मादीच्या पोटाच्या टोकाला काटे असतात. १९९५ च्या प्रयोगात त्यांनी या काट्यांची लांबी बदलून पाहिली. काटे लांब असले की नराची पकड नीट बसेना आणि मीलनं कमी झाली. पुढे २००२ मध्ये त्यांनी जेरिसच्या १५ जातींची तुलना केली. नराची पकड वरचढ असेल तिथे मीलनं वाढतात, मादीचा बचाव वरचढ असेल तिथे घटतात. दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या, तर शस्त्रं कितीही वाढली तरी वरून फरक जाणवत नाही. तिथली शांतता म्हणजे तह नव्हे. दोघांचाही जोर सारखाच लागलेला असतो.

‘र्‍यूमॅटोबेट्स राइलेई’ या जातीच्या नराच्या मिशा तर मादीचं डोकं पकडण्यासाठीच आकड्यांसारख्या वळलेल्या असतात. २०१२ मध्ये अबदररहमान खिला आणि सहकाऱ्यांनी त्या घडवणाऱ्या एका जनुकाचं काम मंदावलं. मिशा साध्या झाल्या आणि नरांना मीलन साधणं अवघड झालं.

‘जेरिस ग्रॅसिलिकॉर्निस’च्या मादीने दारच झाकून घेतलं आहे. जननमार्गावर कवच असल्यामुळे बळजबरी चालत नाही. मग पाठीवर बसलेला नर पायांनी पाण्यावर ताल धरतो. त्या तरंगांच्या मागावर पाण्याखालून उताणा पोहणारा शिकारी किडा येऊ शकतो. पाण्याला टेकलेली असते मादी, म्हणून शिकाऱ्याचा पहिला घासही तीच. चँग हान आणि पिओतर याब्लोन्स्की यांनी २०१० मध्ये दाखवलं, की शिकाऱ्याचा अनुभव घेतलेल्या माद्या अशा वेळी लवकर नमतात.

मादीने नुसतं सोसलं असतं, तर नराला वळलेल्या मिशा कशाला लागल्या असत्या? कवच नसतं, तर पाण्यावर ताल धरायची वेळ का आली असती? नराचं प्रत्येक हत्यार मादीच्या नकाराने घडवलं आहे. विहिरीत पुन्हा ती जोडी दिसली, तर खालच्या मादीकडे जरा जास्त वेळ पाहा.