दुखत नाही म्हणून राहू दिलेली दाढ

आमच्या अम्मीची डावीकडची खालची दाढ गेली, ती दुखली म्हणून नव्हे, तर बराच काळ दुखली नाही म्हणून. दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका होता. तो तिलाही दिसत होता आणि आम्हालाही. थंड पाणी लागले की क्षणभर झिणझिण्या येत आणि थांबत. त्या दिवसांत धाकट्या बहिणीच्या लग्नाची तयारी चालू होती. "दुखत नाही ना, मग राहू दे. आधी पोरीचं होऊन जाऊ दे," असे म्हणून अम्मी उजव्या बाजूने चावू लागली. लग्न झाले, वलीमा झाला, पाहुणे गेले आणि एका रात्री गाल सुजला. लवंगेचे तेल लावून सकाळ गाठली. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, दाढ हिरडीच्या खालपर्यंत फुटली आहे, आता काढावीच लागेल.

वर्षभर आधी गेलो असतो तर तो ठिपका एका बैठकीत भरून झाला असता. खर्चही दागिन्यांच्या एका डबीपेक्षा जास्त आला नसता. आमच्या घरात सगळ्यांचे झाल्यावर अम्मीचे होते. बहुतेक घरांत असेच असावे, असे आजूबाजूला पाहून वाटते.

दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा समज नेमका कुठे चुकतो ते सांगतो. दाताचे वरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, पण त्याला नस नाही, म्हणून संवेदनाही नाही. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमल विरघळवते. जुनी माणसे म्हणत तसा दातात किडा वगैरे नसतो. बाजारात बसून कापसावर पांढरा किडा काढून दाखवणारे हातचलाखी करत. कवच फुटले की आतला पिवळसर, मऊ भाग लागतो. त्यात सूक्ष्म नळ्या असतात, त्यामुळे थंड-गोड झोंबते. अम्मीच्या झिणझिण्या म्हणजे हाच टप्पा होता. सर्वांत आत नस. तिथे जंतू पोहोचले की रात्रीची झोप जाते, आणि तेव्हा साध्या भरणाची वेळ निघून गेलेली असते. मग रूट कॅनॉल आणि वर कॅप, किंवा सरळ दात काढणे.

दोन महिन्यांनी भाभींची पाळी आली. त्यांच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध तपकिरी रेघ होती. हसताना त्या ओढणीचे टोक तोंडाशी नेत. आम्हाला वाटायचे, सवय असेल. या वेळी अम्मीच त्यांना घेऊन निघाली.

डॉक्टरीणबाईंनी सर्वांत आधी रंग जुळवला. दातांच्या रंगाच्या नमुन्यांची एक पट्टी असते, ती दाताशेजारी धरून पाहतात. हे काम सुरुवातीलाच करायचे, कारण कोरडा पडलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. मग कुजलेला भाग ड्रिलने काढला. त्यानंतर निळसर जेल लावून काही सेकंदांत धुऊन टाकली. ते फॉस्फोरिक आम्ल. त्याने दाताच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी खरखरीत जागा तयार होते आणि भरण तिला धरून बसते. ही युक्ती अमेरिकेतले मायकेल ब्यूनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली. पुढे रफाएल बोवेन यांनी तयार केलेल्या रेझिनमुळे आजचे कॉम्पोझिट शक्य झाले. कॉम्पोझिट म्हणजे रेझिनमध्ये काचेची अतिबारीक पूड. ते मऊ असतानाच दातावर घडवतात आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. एकदम भरत नाहीत, साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर देतात. जाड थर दिला तर प्रकाश खालपर्यंत पोहोचत नाही, आणि घट्ट होताना हा पदार्थ किंचित आकसतो, त्यामुळे कडेला फट राहू शकते. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासली आणि पॉलिश केले. पाऊण तास गेला. भाभींनी आरसा घेतला आणि कोणता दात भरला तेच त्यांना ओळखू येईना.

सगळेच असे सुरळीत होते असे नाही. आमच्या भावाच्या दाढेचे पांढरे भरण तीन आठवड्यांत भाकरीच्या घासाबरोबर निघून आले. तो दुसरीकडे गेला होता. तिथे गर्दी होती, तोंडात ठेवलेला कापूस लाळेने भिजला तरी कोणी बदलला नाही. कॉम्पोझिटला ओल अजिबात चालत नाही. चिकटवताना लाळ किंवा रक्त लागले की पकड सुटते. म्हणून काही डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. तो गैरसोयीचा वाटतो, पण लावू द्यावा. भरणानंतर चावताना एक बाजू उंच लागली तर "होईल सवय" म्हणून घरी बसू नये, परत जाऊन घासून घ्यावी. थंड पदार्थ दोन-चार दिवस झोंबणे नेहमीचे आहे. ते वाढत गेले किंवा रात्री ठणकू लागले, तर दाखवायला हवे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पांढरे भरण म्हणजे एकच वस्तू नव्हे. कॉम्पोझिटखेरीज ग्लास आयोनोमर नावाचे एक सिमेंट आहे. ते दाताला आपोआप चिकटते, थोडी ओल सहन करते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते, पण दाढेच्या चावण्याच्या जोराखाली लवकर झिजते. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा आणि हिरडीलगतचे खड्डे यांसाठी ते चांगले. भरणाचे नाव आणि ते का निवडले, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? आपण कापड घेतानाही सुती की टेरिकॉट विचारतोच.

चांदीचे म्हणून ओळखले जाणारे जुने भरण म्हणजे अमालगम. त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. ते मजबूत आणि स्वस्त, पण पाऱ्याने हवा-पाणी दूषित होते, म्हणून 2013 च्या मिनामाता करारानुसार जगभर त्याचा वापर कमी केला जात आहे. युरोपीय संघाने तर 2025 पासून, अपवाद सोडून, ते बंदच केले. याचा अर्थ अब्बांच्या दाढेतले वीस वर्षांपूर्वीचे चांगले बसलेले भरण घाईने काढावे असा नाही. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त उठते आणि चांगला दातही थोडा जातो. ते फुटले किंवा खाली कीड लागली, तरच बदलायचे.

आमच्या घरांतले दोन प्रश्न डॉक्टरांपेक्षा मशिदीत जास्त विचारले जातात. पहिला गुस्लचा. पक्के बसवलेले, काढता न येणारे भरण दाताचाच भाग मानले जाते, त्यावरून पाणी फिरले की पुरे, असे बहुतेक उलेमा सांगतात. तरी मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. दुसरा रोजाचा. काम चालू असताना पाणी, औषध किंवा रक्त घशाखाली जाण्याची भीती असते. म्हणून आम्ही आता शाबानमध्येच सगळ्यांचे दात दाखवून घेतो. रमजानमध्येच ठणका लागला तर इफ्तारनंतरची वेळ मागतो. आमच्या भागातले दोन दवाखाने त्या महिन्यात रात्री उघडे असतात.

रमजानबद्दल आणखी थोडे. खजूर, शरबत, शीरखुर्मा यांचा दोष नाही. पण सहेरीनंतर दात न घासता झोपले की चिकटलेली साखर तासन् तास तिथेच राहते. मिस्वाक सुन्नत आहे आणि दात स्वच्छही ठेवते, पण पडलेला खड्डा ती भरू शकत नाही. आमची दादी मिस्वाकही करायची आणि मशेरीही लावायची. तिच्या तोंडात शेवटी चार दात उरले होते. मशेरीने आणि पान-तंबाखूने पांढऱ्या भरणाचाही रंग जातो. पण तो त्यांच्या नुकसानीतला सर्वांत लहान भाग.

मुलांच्या बाबतीत "दुधाचे दात पडणारच आहेत" हे वाक्य आम्हीही म्हणत होतो. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी जातात. ओठ वर करून अधूनमधून पाहावे. हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. खड्डा पडण्याआधी ती थांबवता येते.

खर्चाचे म्हणाल तर खासगी दवाखान्यांत दर वेगवेगळे, आधी विचारून घ्यावेत. मुंबई, नागपूर आणि औरंगाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हेच काम बरेच कमी पैशांत होते. रांग असते, विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो, पण आमच्या चुलतभावाच्या तीन दाढा तिथे भरल्या आणि अजून टिकून आहेत. चांगले कॉम्पोझिट साधारण पाच ते दहा वर्षे टिकते, जपले तर जास्तही.

अम्मीच्या रिकाम्या जागेकडे आता शेजारची दाढ कलते आहे. तिथे काय बसवायचे हे ठरायचे आहे. त्या दिवशी भाभींचे काम झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी अम्मीलाही खुर्चीत बसवले, आणि उजव्या बाजूला, ज्या बाजूने ती दोन वर्षे चावत होती तिथे, दुसरा ठिपका सापडला. "दुखत नाही," अम्मी म्हणाली. भाभींनी तिथेच गुरुवारची साडेअकराची वेळ लिहून घेतली.