बटण शोधावं ओळखीवरून, जागेवरून नव्हे

स्वयंचलित चाचणीतला प्रोग्राम वेबपानावरचं बटण माणसासारखं बघून दाबतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात २००४ साली सुरू झालेल्या सेलेनियमसारखी साधनं पानाच्या रचनेत लोकेटर (घटक शोधण्याची खूण) जुळवतात. ही खूण पत्त्यासारखी असते: शेताचा पत्ता ‘ओढ्यापासून तिसरं’ असा दिला, तर मधल्या शेताची वाटणी होताच तो चुकतो. गाव आणि गट क्रमांक दिला, तर शेत नेमकं सापडतं. म्हणून ‘पानावरचं तिसरं बटण’ न सांगता ‘नोंदणी अर्जातलं जतन करा हे बटण’ असं सांगावं. नावही बदलतं, हा आक्षेप रास्त आहे. पण तो बदल वापरणाऱ्यालाही दिसतो, त्यामुळे चाचणीनं तिथं थांबणं उपयोगाचंच. भाषेनुसार नाव बदलत असेल, तर बटणाला चाचणीपुरती कायम ओळख द्यावी.